साठ अंशांचं भाडं

इंग्लंडात घर भाड्याने घेताना किल्लीच्या आधी कागद हातात पडतात. गॅसचा दाखला, दरवर्षी नवा. विजेच्या वायरिंगचा दाखला, पाच वर्षांतून एकदा. घर किती ऊर्जा खातं त्याचा दाखला, दहा वर्षं पुरणारा. अनामत रक्कम मान्यताप्राप्त योजनेत भरल्याची पावती. भाड्याने कसं राहावं हे शिकवणारी सरकारी पुस्तिका. हे सगळं वाचून होईपर्यंत दुसऱ्या महिन्याच्या भाड्याची तारीख येऊन ठेपते.

या गठ्ठ्यात अलीकडे आणखी एक कागद शिरलाय. त्याचं नाव 'लीजनेला रिस्क असेसमेंट'. घरातल्या पाण्यात लीजनेला नावाचा जंतू वाढायचा धोका किती, याची नोंद. काही एजंट त्याला थेट 'लीजनेला सर्टिफिकेट' म्हणतात. वर लोगो, खाली सही, मध्ये चौकटी, चौकटींत हिरव्या टिका.

आता गंमत बघा. हा कागद ज्या सरकारी खात्याचा धाक घालून विकला जातो, ते हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह आपल्या सूचनांमध्ये चक्क लिहितं की असलं सर्टिफिकेट कायद्याला लागत नाही आणि आम्ही ते मानतही नाही. धोका किती आहे ते घरमालकाने पाहायचं, हे बंधन मात्र खरं. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा १९७४ चा कायदा आणि घातक पदार्थांचे २००२ चे नियम भाड्याने घर देणाऱ्यालाही लागू आहेत. पण साध्या घरात ही पाहणी मालकाने स्वतः केली तरी चालते. दोन डोळे, एक थर्मामीटर आणि माळ्यावर चढायची तयारी एवढं भांडवल पुरतं. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत धाडायचीही बहुतेक घरांत गरज नसते.

माळ्यावर चढायची तयारी. इथेच घोडं पेंड खातं. मालकाला पैसे मोजायला हरकत नसते, शिडी लावायला असते. मग एजंट कुणाला तरी पाठवतो, तो अर्ध्या तासात टिका मारून जातो आणि मालकाच्या छातीवरचं ओझं उतरतं. पाणी होतं तेवढंच कोमट राहतं. २०१९ च्या जूनपासून इंग्लंडात एजंटांना भाडेकरूंकडून नाना तऱ्हेच्या फिया उकळायला बंदी आली. त्यानंतर त्यांचं लक्ष मालकांच्या भीतीकडे वळलं, असं मी म्हणणार नाही. योगायोग हा शब्द मराठीत उगाच नाही.

मालक खाजगी असेल तर हे असं. मालक सरकार असेल तर? २०२३ च्या जुलैत ब्रिटिश सरकारने आश्रय मागणाऱ्यांना ठेवण्यासाठी डॉर्सेटमधल्या पोर्टलंड बंदरात 'बिबी स्टॉकहोम' नावाची एक तरंगती वसाहत आणून उभी केली. ७ ऑगस्टला पहिली माणसं चढली. ११ तारखेला सगळी, म्हणजे ३९ माणसं, उतरवावी लागली. पाण्यात लीजनेला सापडली होती. पाण्याचे नमुने जुलैतच घेतलेले होते. निकाल आला तो माणसं चढली त्याच दिवशी. परीक्षा आधी झाली, प्रवेशही आधी झाला, फक्त निकाल तेवढा बघायचा राहिला. आपल्याकडच्या विद्यापीठांना यात काही नवीन वाटणार नाही.

जंतूची कुंडली थोडक्यात सांगतो. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाल्याचा तो उत्सवी उन्हाळा. अधिवेशन संपवून घरी गेलेली माणसं ताप आणि न्यूमोनियाने आडवी पडू लागली. संघटनेचे २९ सदस्य दगावले. महायुद्धं पचवून आलेल्या माणसांना हॉटेलची गार हवा बाधली. पुढचे काही महिने विषप्रयोग, घातपात, डुकरांचा फ्लू असं सगळं छापून झालं. शेवटी जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने नाताळच्या दिवसांत जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या आणि जानेवारी १९७७ मध्ये आरोपी सापडल्याचं जाहीर झालं. मग राखून ठेवलेले जुने नमुने उघडले. तेव्हा कळलं की १९६८ साली मिशिगनमधल्या पाँटिॲक गावी एका अख्ख्या कचेरीला ताप भरवून गेला तो हाच जंतू. कचेरी कुणाची? आरोग्य खात्याची.

ब्रिटननेही फार मागे राहायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. १९८५ साली स्टॅफर्डच्या रुग्णालयात साथ आली, १९८८ साली बीबीसीच्या लंडनमधल्या ब्रॉडकास्टिंग हाऊसमधून पसरली. २००२ साली बॅरो-इन-फर्नेस गावात नगरपालिकेच्या कलाकेंद्राच्या वातानुकूलन यंत्रणेने रस्त्यावरून जाणाऱ्यांवर तुषार उडवले. सात माणसं गेली. पाण्यात औषध घालायचं कंत्राट त्याआधीच बंद झालेलं होतं. नगरपालिकेला सव्वा लाख पौंड दंड झाला. म्हणजे दंडही शेवटी गावकऱ्यांनीच भरला.

त्या मानाने घरातली लीजनेला गरीब. बातमीत येत नाही. एकेकट्याला गाठते.

मुळात ती नदीतळ्यांत राहणारी. तिथे अमीबा तिला अन्न समजून गिळतो. ती आत जाते, पचत नाही, मुक्काम ठोकते, आतल्या आत गोतावळा वाढवते आणि एक दिवस मालकालाच फोडून बाहेर पडते. गिरगाव-दादरच्या पागडीच्या इमारतींचे मालक हे वाचून गहिवरतील. माणसाच्या फुफ्फुसात शिरली की जंतू खायला धावून येणारी आपली पांढरी पेशी तिला अमीबाच वाटते. ती तिच्याही पोटात बिऱ्हाड करते. त्यामुळे साधं पेनिसिलिन दाराबाहेर ताटकळतं आणि वेगळी औषधं द्यावी लागतात. साधारण दहा रोग्यांमागे एक जातो. पन्नाशी ओलांडलेले, सिगारेट ओढणारे, मधुमेही, दमेकरी, मूत्रपिंड थकलेले अशांवर तिचा विशेष लोभ.

आवडीनिवडी पक्क्या आहेत. वीस अंशांच्या खाली ती झोपते, मरत नाही. वीस ते पंचेचाळीसमध्ये फोफावते. साठ अंशांवर फार काळ टिकत नाही. जेवायला गंज, गाळ, क्षार आणि नळाच्या आतला बुळबुळीत थर. राहायला न हलणारं पाणी. असलं पाणी पिऊन सहसा काही होत नाही. त्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत जावे लागतात. आणि तुषार बनवायचं घरातलं सगळ्यात चोख यंत्र म्हणजे शॉवर. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना नावं ठेवायचीही सोय नाही.

आणि उपाय? गरम पाणी टाकीत साठ अंशांवर ठेवा, नळाला ते मिनिटाभरात पन्नास अंशांचं आलं पाहिजे. गार पाणी वीसच्या खाली. माळ्यावरच्या टाकीला घट्ट झाकण. जो नळ कुणी वापरत नाही तो आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडून द्या. शॉवरची जाळी तीनेक महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये बुडवा. कधीकाळी कुणीतरी वॉशिंग मशीन जोडलेली आणि आता नुसतीच भिंतीत पाणी धरून बसलेली नळी असेल तर कापून टाका. नळी कापायला प्लंबर लागेल, बाकी सगळा खर्च व्हिनेगरच्या बाटलीचा. इतक्या स्वस्त उपायावर कुणाचा विश्वास बसणार?

ज्या घरात कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे नळ सोडला की त्याच क्षणी पाणी तापवणारा, तिथे गरम पाण्याची साठवण नसते आणि धोकाही कमी. खरा मामला जुन्या घरांचा. जिन्याखालच्या नाहीतर बेडरूममधल्या कपाटात तांब्याचा सिलिंडर. माळ्यावर गार पाण्याची टाकी, झाकण असलं तर असलं. मधल्या नळ्या चार मालकांनी आणि चौदा भाडेकरूंनी आपापल्या सोयीने वाढवलेल्या. बाथरूमच्या नळाचं पाणी पिऊ नये असं ब्रिटिश आज्या नातवंडांना अजून बजावतात, ते या टाकीच्या आठवणीने. त्या टाकीत मेलेलं कबूतर सापडल्याची गोष्ट प्रत्येक प्लंबरकडे असते. कबूतर प्रत्येक वेळी थोडं मोठं होतं.

'गार पाणी वीसच्या खाली' हा नियमसुद्धा लिहिला तेव्हा ब्रिटिश उन्हाळ्यावर भरवसा होता. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. विदर्भातल्या माणसाने यावर जांभई द्यावी, पण कौलांखालच्या माळ्यावर ठेवलेल्या टाकीला हे माहीत नव्हतं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी वीस अंशांखाली ठेवा असं सांगायला कुणी सोसायटीच्या मीटिंगला गेलाच, तर त्याला चहा देऊन घरी पाठवतील. आपण न्यूमोनियाला न्यूमोनिया म्हणतो. जंतूला त्याचं नाव-गाव विचारायची आपली रीत फारशी नाही.

आता बिल. साठ अंश फुकट येत नाहीत.

घर मालकाचं, सिलिंडर मालकाचा, जबाबदारी मालकाची. विजेचं मीटर मात्र भाडेकरूच्या नावावर. सिलिंडरच्या पोटात तीन किलोवॉटचं इमर्शन, म्हणजे तापवायची कांडी, बसवलेली असते. ती सुरू झाली की मीटरकडे बघवत नाही. २०२२ मध्ये ऊर्जेचे भाव भडकले तेव्हा जो तो सल्ला देत सुटला, बॉयलरचं तापमान कमी करा. सल्ला होता कॉम्बी बॉयलरवाल्यांसाठी. आमच्या ओळखीतल्या घरांनी त्यातला कॉम्बी वगळला आणि बचत तेवढी ठेवली. सिलिंडर पंचेचाळीसवर आला. 'साठ कशाला हवं? अंघोळ तर चाळीसवरच करतो ना आपण!' हे वाक्य मी इंजिनियरांच्या तोंडून ऐकलंय. साठवायचं साठवर, अंगावर घ्यायचं चाळीसवर, यासाठी नळापाशी गार-गरम मिसळणारी झडप मिळते. साठ अंशांचं पाणी लहान मुलाला नाहीतर म्हाताऱ्या माणसाला भाजून काढतं, हे खरंच आहे. म्हणून तर इंग्लंडात नव्या घरात बाथटबच्या नळाला अठ्ठेचाळीस अंशांहून गरम पाणी येऊ नये असा बांधकामाचा नियम आहे. झडप बसवायची कुणी? मालकाने. बिल कमी होणार कुणाचं? कुणाचंच नाही. मग झडप बसत नाही.

सरकारी सूचना सांगते की भाडेकरूने सिलिंडरच्या तापमानाला परस्पर हात लावू नये, पाणी नीट तापत नसेल तर मालकाला कळवावं. कळवावं! दोन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता भाडेकरूला बाहेर काढायची मालकाची सोय १९८८ च्या कायद्याने करून ठेवली होती. ती काढून घ्यायला २०२५ चा कायदा उजाडावा लागला. मधल्या सदतीस वर्षांत किती जणांनी कोमट पाण्याबद्दल तोंड उघडलं असेल, याचा ज्याने त्याने अंदाज बांधावा.

जर्मनीत असलं काही चालत नाही, असं म्युनिक-स्टुटगार्टचे आपले सॉफ्टवेअरवाले अभिमानाने सांगतात. बरोबर आहे. तिथे ज्या भाड्याच्या इमारतीत चारशे लिटरहून मोठी सामाईक गरम टाकी आहे, किंवा टाकीपासून नळापर्यंतच्या नळीत तीन लिटरहून जास्त पाणी मावतं, तिथे दर तीन वर्षांनी पाणी तपासावंच लागतं. शंभर मिलिलिटरला शंभर जंतूंच्या वसाहती हा इशाऱ्याचा आकडा. दहा हजारांच्या वर गेलं तर शॉवर घ्यायलाच मनाई होऊ शकते आणि तशी चिठ्ठी जिन्यात लागते. शिस्त म्हणजे शिस्त. तपासणीचा खर्च मालक वर्षाच्या शेवटी भाडेकरूंच्या इतर खर्चांत जमा करून वसूल करतो, एवढीच काय ती बारीक अक्षरं.

पण मला बोलायचंय ते आपल्या माणसांबद्दल. ब्रिटनमधला घरमालक म्हटला की डोळ्यांपुढे हॅट घातलेला कुणी खडूस साहेब येत असेल, तर तो पुसून टाका. हल्ली तो बरेचदा आपलाच असतो. वीसेक वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी आला, स्लाव नाहीतर हॅरोमध्ये पहिलं घर घेतलं, पुढे मुलांच्या शाळेसाठी मोठं घर घेतलं आणि पहिलं विकवेना म्हणून भाड्याने दिलं. भाडेकरूही आपलाच हवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाहिरात, 'फॅमिली, व्हेजिटेरियन, एजंट नको'. करार झाला की नातं जुळतं. भाडेकरू मालकाला काका म्हणतो, काका त्याला अरे-तुरे करतात. गणपतीत आरतीला बोलावतात, दिवाळीला चिवडा पाठवतात.

"काका, गरम पाणी जरा कोमटच येतंय."

"अरे, टायमर लावलाय मी. सकाळी दोन तास. कोमटच बरं असतं, त्वचा कोरडी पडत नाही."

"माळ्यावरच्या टाकीचं झाकण सरकलंय म्हणे. खालच्या माणसाने सांगितलं."

"बघतो ना. या वीकेंडला येतो."

चिवडा येतो. काका येत नाहीत.

एजंट नको म्हणजे एजंटचा कागदही नको, हा यातला एक फायदा. तोटा असा की कागद नाही आणि शिडीही नाही. साहेब मालक निदान कुणाला तरी पैसे देऊन टिका मारून घेतो. काका स्वतःच इंजिनियर, त्यामुळे त्यांना काहीच तपासावं लागत नाही.

भाडेकरू तरी धुतल्या तांदळाचा आहे का? वर्षातून एकदा चार आठवडे भारतात जातो. निघताना इमर्शन बंद. बरोबरच आहे, रिकाम्या घरात पाणी कुणासाठी तापवायचं? परत येतो तो विमानाचा शीण अंगावर घेऊन, रात्री अकराला. बॅगा दारात, माणूस शॉवरखाली. चार आठवडे जाळीत, नळीत आणि सिलिंडरात शांत मुरलेलं पाणी पहिल्या दहा सेकंदांत तोंडावर. बरं, आलो तसा आधी पाणी तापू द्यावं, सगळे नळ पाचेक मिनिटं सोडून द्यावे, तर म्हणे पाण्याचं मीटर आहे. चौघांच्या विमानाच्या तिकिटांना दोन हजारांहून जास्त पौंड मोजलेले असतात. हिशोब बादलीभर पाण्याचा.

सप्टेंबरात कॉव्हेंट्री, लेस्टर, शेफील्डला उतरणारी आपली पोरं याहून निष्पाप. विद्यार्थ्यांची घरं जुलै-ऑगस्टात बरीचशी रिकामी असतात, म्हणजे ऐन उकाड्यात नळ बंद. आई सोबत मेतकूट, लोणचं आणि कुकर देते, बाबा विम्याचे कागद देतात. पहिला शॉवर आधी गटाराला द्यायचा, हे कुणी सांगत नाही. जाळी खाली टबात नाहीतर बादलीत सोडा, वर तुषार उडू देऊ नका, खिडकी उघडा, आधी गरम मग गार असं पाणी वाहू द्या आणि तोवर बाहेर जाऊन आईला फोन करा. फोन लवकर संपत नाहीच.

आणि आता पाहुण्यांची खोली.

इथल्या प्रत्येक सुस्थितीतल्या मराठी बिऱ्हाडाला एक पाहुण्यांची खोली असते, तिला जोडून एक छोटी बाथरूम असते, आणि ती वर्षातले नऊ महिने कुणी वापरत नाही. तिथे इस्त्रीचं टेबल, रिकाम्या सुटकेसी आणि मागच्या वर्षीचा आकाशकंदील राहतो. मग एप्रिल-मे येतो. पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून आई-बाबा येतात, सहा महिन्यांच्या व्हिसावर. वय सत्तरीच्या आसपास, एकाला मधुमेह, दुसऱ्याला दमा. खोली झटकली जाते, नवी चादर येते, नवे नॅपकिन येतात. बाथरूमचा आरसा पुसला जातो. नळ्यांच्या आतलं पाणी मात्र मागच्या पाहुण्यांच्या वेळचंच. लीजनेलाला स्वतः जाहिरात द्यायची असती तर तिने याहून वेगळं काही मागितलं नसतं.

अशाच एका घरी मी मध्यंतरी जेवायला होतो. घर भाड्याचं, मालक लांबचे, मध्ये एजंट. मुलगा बँकेत, सूनबाई डॉक्टरकीच्या परीक्षांत. त्याचे वडील महाराष्ट्र जीवन प्राधिकरणातून निवृत्त झालेले. हयात पाइप, झडपा आणि टाक्यांमध्ये गेली. येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच त्यांनी कपाट उघडून सिलिंडरच्या नळीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"हात भाजत नाहीये रे. कितीवर ठेवलंय?"

"पन्नासच्या आत असेल, बाबा. मालकांचं सेटिंग आहे. आपण हात लावायचा नाही."

"आणि आमच्या मोरीतला नळ शेवटचा कधी सोडला होतास?"

मुलगा विचारात पडला. "तुम्ही गेल्या वर्षी आला होतात ना, तेव्हा तुम्हीच..."

बाबांनी बादली आणि तांब्या मागितला. घरात फरशी पुसायची एक लाल बादली तेवढी होती, ती सूनबाईंना बाबांना द्यायला लाज वाटली. नवी आणायला दोघं दुकानात गेली. बादली मिळाली, तांब्याऐवजी स्वयंपाकात दूध मोजायचा प्लॅस्टिकचा जग मिळाला. तांब्याने अंगावर घेतलेल्या पाण्याचे तुषार शॉवरइतके बारीक होत नाहीत, त्यामुळे बाबांची पद्धत शास्त्रालाही धरूनच होती. नातू मात्र खूश झाला, त्याच्या आंघोळीचं मापच त्या जगावर छापलेलं होतं. आईंचं वेगळंच. त्यांना शॉवर आवडला होता, पहिल्याच सकाळी त्या वीस मिनिटं त्याखाली उभ्या राहून आल्या होत्या. "इथलं पाणी किती छान मऊ उडतं!" असं त्या मला जेवताना सांगत होत्या. ऐकताना मुलाचा घास हातातच राहिला.

रात्रीच त्याने एजंटला मेल लिहिली. पाणी पुरेसं तापत नाही, घरात वयस्कर माणसं आहेत, कुणीतरी येऊन तापमान तपासावं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. आपल्या मालमत्तेचं लीजनेला सर्टिफिकेट वैध आहे, सोबत जोडलं आहे. आठ पानं. हिरव्या टिका. तिसऱ्या पानावर 'पाहुण्यांची बाथरूम : नियमित वापरात'.

त्याने पुन्हा लिहिलं. सर्टिफिकेट मिळालं, आभार, पाणी अजून कोमटच आहे.

या वेळी उत्तराला चार दिवस लागले. नव्या पाहणीला मालकांची मंजुरी मिळाली, असं एजंटने कळवलं होतं. त्यांच्या माणसाची सगळ्यात लवकरची तारीखही दिली होती. मुलाने फ्रिजवर चिकटवलेलं कॅलेंडर बघितलं. आई-बाबांचं परतीचं विमान शनिवारचं होतं. तारीख त्यानंतरच्या सोमवारची.